चुणी काढायची ती शिवण्याआधी

महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर



मेळाव्याचं निमंत्रण आलं तेव्हा सेक्रेटरीबाई फोनवर म्हणाल्या, "या वेळी अहवाल नको, काहीतरी हाताने करण्यासारखं सांगा." मला बरं वाटलं. मी अहवाल वाचत असते तेव्हा मागच्या बाकांवर काय चाललेलं असतं ते इथून चांगलं दिसतं.

तर आज मी कापडावरच्या चुण्यांविषयी बोलणार आहे. पाळकसाहेबांकडे पाहून सांगते, इफिसकरांस पत्रातल्या डाग आणि सुरकुती नसलेल्या मंडळीविषयी नव्हे. डिप्लोमा करताना त्या वचनावर मी चांगला लांबलचक निबंध लिहिला होता, मार्कही बरे पडले होते. पण सुती कापडात धरलेली चुणी प्रत्यक्षात कशी निघते हे तेव्हा मला माहीत नव्हतं. ते मी पुढे बऱ्याच वर्षांनी शिकले, आणि त्यासाठी दुसऱ्या एका बाईला तीन दिवस फुकट राबवलं. तिथूनच सुरुवात करते.

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर आमचं छोटं शिवण केंद्र आहे, हे आपल्याला माहीत आहे. गुजरातच्या सीमेला लागून असलेला हा डोंगराळ भाग. पावसाळ्यात तिथे भिंतींनाही घाम फुटतो. आठ बाया गोधड्या शिवतात. एका वर्षी शहरातल्या एका दुकानाने लहान मुलांच्या बारा गोधड्या मागवल्या. वर नवं छापील सुती कापड, आत जुन्या साड्यांचे थर, खाली साधं सुती अस्तर. मी उत्साहाने वरच्या कापडाचा अख्खा तागा आणला आणि पत्र्याच्या पेटीत ठेवला. पेटीला खालून गंज लागलेला होता, तो मला दिसला नाही. आठवड्याने पेटी उघडली तर ताग्याचा निम्मा भाग ओला. मी काय करावं? उलगडून वाळत घालायचं सोडून, आहे तसाच घडीसकट चुलीशेजारच्या फळीवर ठेवून दिला. दोन दिवसांत वाळला. मला वाटलं, सुटलो.

तागा दुकानात दुमडूनच गुंडाळलेला असतो. त्यामुळे मधोमध एक उभी घडी आधीच असते. ती आता अशी धरली होती की कापड पसरलं तरी मध्ये बांध घातल्यासारखी उभी राहायची. आम्ही कोळशाच्या इस्त्रीने घासघास घासलं. इस्त्री गरम आहे तोवर कापड सपाट, आणि अर्ध्या तासाने पावसाळी हवेत रेघ पुन्हा जागच्या जागी. मुदत जवळ आली होती. मी म्हटलं, "शिवून टाका, टाक्यांनी बसेल."

टाक्यांनी बसली नाही. बारातल्या सात गोधड्या परत आल्या. दुकानाच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की मधून हात फिरवला तर दोरी घातल्यासारखं लागतं, आणि बाळाच्या पाठीखाली असं चालत नाही. तक्रार खरी होती. मी मात्र ती चिठ्ठी घेऊन सरळ आमच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजींकडे गेले, कारण सातातल्या पाच गोधड्या त्यांच्या हातच्या होत्या. म्हटलं, "आजी, तुमचे टाके सैल पडलेत. उसवा आणि पुन्हा घाला."

आजी काही बोलल्या नाहीत. तीन दिवस ओट्यावर बसून त्यांनी धावदोरा उसवला. धावदोरा घालण्यापेक्षा उसवणं जास्त त्रासाचं असतं, कारण कापड न फाटता एकेक टाका उचलावा लागतो, आणि आजींच्या एका डोळ्याला नीट दिसत नाही. चौथ्या दिवशी त्यांनी वरचं कापड सुटं करून माझ्यापुढे उन्हात धरलं. मधोमध ती रेघ, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना टाक्यांची भोकं अगदी सारख्या अंतरावर, पट्टी लावून पाडल्यासारखी. म्हणाल्या, "बाई, टाका माझा आहे. चुणी तुमची आहे."

त्या दिवशी मी माफी मागितली. ती त्यांनी लगेच दिली असं मी सांगणार नाही. त्या घरी गेल्या आणि दोन दिवस आल्या नाहीत. त्या तीन दिवसांची मजुरी मी त्यांच्या घरी नेऊन दिली, तेव्हा पैसे घेतले आणि चहा दिला. बोलणं त्यानंतर सुरू झालं.

चुणी का धरते, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. आमच्या भागात टोपल्या विणणारे लोक बांबूच्या कामट्या आधी भिजवतात. ओली कामटी वाकते, आणि वाकवलेल्या स्थितीत वाळली की तसाच आकार धरते. आजी म्हणाल्या, कापडाचंही तसंच आहे. मी नंतर वाचून पाहिलं, तर शास्त्रही हेच सांगतं. कापसाचा धागा सेल्युलोजचा असतो. त्याच्या लांब साखळ्या हायड्रोजनच्या बारीक बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाणी आत शिरलं की ते बंध सुटतात आणि साखळ्या थोड्या सरकतात. पाणी उडून गेलं की नवे बंध जुळतात. कापड त्या घटकेला ज्या अवस्थेत असेल, त्या अवस्थेत. म्हणजे ओलं होऊन दुमडलेलं वाळलं तर दुमड पक्की होते. मी चुलीशेजारी नेमकं तेच केलं होतं. कोणी मुद्दाम चुणी धरवायला बसलं असतं तरी इतकी चांगली धरवली नसती.

यावरून उपायही सरळ निघतो. पाण्याने बसलेली चुणी नुसत्या उष्णतेने जात नाही. कापड पुन्हा तितकंच ओलं करायचं आणि या वेळी सपाट वाळवायचं. वरवर पाण्याचे चार थेंब शिंपडून इस्त्री मारली की वरचा धागा ओला होतो, आतला कोरडाच राहतो. म्हणून रेघ परत येते.

आता कृती. बहिणींनो, आपल्या घरी साड्या असतील, त्यांच्यावर करून पाहा.

चुणी फार जुनी नसेल तर कापड चांगलं ओलसर करा, टॉवेलसारखं गुंडाळा आणि रात्रभर पिशवीत ठेवा. रात्रीतून ओल सगळीकडे सारखी पसरते. धोबी लोक कपड्यांवर पाणी शिंपडून त्यांचे बोळे करून ठेवतात ते याचसाठी. मात्र एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच. बुरशीचे काळे ठिपके आले की चुणी परवडली म्हणाल.

सकाळी दोघींनी समोरासमोर उभं राहायचं. साडीची घडी घालताना शेजारणीला हाक मारतो ना, तसं. दोन्ही टोकं धरून आधी लांबीत ओढायचं, मग किनारीपासून किनारीपर्यंत रुंदीत. तिरकं ओढायचं नाही. विणलेल्या कापडात एक धागा उभा आणि एक आडवा असतो. त्या दोन दिशांना कापड फारसं ताणत नाही, कोपऱ्यातून कोपऱ्यात ओढलं तर मात्र रबरासारखं लांबतं. ओलं असताना आणखीच. चौकोनी तुकडा मग शंकरपाळ्यासारखा होतो आणि गोधडीचे कोपरे जुळत नाहीत.

मग इस्त्री, कापडात थोडी ओल असतानाच. इथे सगळ्यांची एक सवय मोडावी लागते, माझीही मोडावी लागली. आपण शर्टावर इस्त्री फिरवतो. गोधडीच्या कापडावर ती फिरवायची नसते, ठेवायची असते. ठेवा, दाबा, उचला, पुढे ठेवा. फिरवली की ओलं कापड पुढे ढकललं जातं आणि जुन्या चुणीच्या शेजारी नवी पडते. चुणीवर दाबायचं असेल तर कापडावर ओला पिळलेला पंचा घाला आणि त्यावरून इस्त्री दाबा. पंच्यातली वाफ खाली शिरते. आमच्याकडे वाफेची इस्त्री नाही, वीजही दिवसातून कितीदा जाते ते विचारू नका. कोळशाची इस्त्री आणि ओला पंचा एवढ्यावर आमचं काम चालतं. तुमच्यापैकी वयाने मोठ्या बहिणींना आठवत असेल, आपल्या आया पितळी तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडाने कपडे दाबायच्या. तो तांब्या फिरवण्यापेक्षा दाबायलाच सोयीचा होता.

दाबून झालं की कापड लगेच उचलू नका. पूर्ण वाळून गार होईपर्यंत सपाट राहू द्या. गरम आणि ओलसर कापड घडी करून ठेवलं तर सगळी मेहनत पाण्यात जाते. आम्ही नंतर कापड घडी न करता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवायला लागलो. साडीच्या दुकानात मागितली तर अशी नळी फुकट मिळते.

इस्त्रीवरचे ठिपके सगळ्यांनी पाहिलेत, अर्थ सगळ्यांना ठाऊक नसतो. तीन ठिपके म्हणजे साधारण २०० अंश, ते सुतीला चालतं. दोन म्हणजे १५० अंश, एक म्हणजे ११०. टेरिकॉट किंवा पॉलिएस्टर असेल तर दोनच्या वर जाऊ नका. त्याचं गणित सुतीच्या उलट आहे. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यात चुणी धरते ती उष्णतेने. एकदा कडक तापलेल्या इस्त्रीखाली चुकीची घडी दाबली गेली की ती आयुष्यभराची. म्हणून गोधडीच्या कापडात सुती आणि सिंथेटिक आधी वेगवेगळं करायचं. ओळखायचं कसं? थेंबभर पाणी टाका. जुनी धुतलेली सुती साडी ते लगेच शोषून घेते. सिंथेटिकवर थेंब बराच वेळ तसाच बसून राहतो.

इतकं करूनही न जाणाऱ्या चुणीसाठी पांढरं व्हिनेगर. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, चुणीवर फवारायचं, पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचं आणि मग पंचा घालून दाबायचं. वास येतो, वाळल्यावर जातो. आधी एका कोपऱ्यावर लावून पाहा. गडद लाल आणि निळे रंग कधीकधी सुटतात, हे मी एका चांगल्या इरकलीच्या पदरावर शिकले. ती साडी कुणी दिली होती ते सांगत नाही, त्या बहीण आज इथे बसलेल्या आहेत.

खळही चालते. भाताची पेज पातळ करून, गाळून लावायची. कापड कडक होतं, कापायला सरळ जातं, आणि काढलेली चुणी परत येत नाही. पण पेज लावल्या लावल्या इस्त्री केली तर ती तव्यावरच्या घावनासारखी बुडाला चिकटते. मुरू द्या, अर्धवट वाळू द्या, मग दाबा. आणि खळ लावलेलं कापड ट्रंकेत महिनोन्महिने ठेवू नका. झुरळांना आणि कसरीला तो प्रीतिभोजनाचा ताट वाढल्यासारखा असतो. शिवून झाल्यावर गोधडी धुऊन खळ काढून टाकायची.

आता एक गोष्ट मात्र कशानेच जात नाही. आमच्या त्या ताग्यावर आम्ही पाणी, पंचा, व्हिनेगर सगळं केलं. कापड सपाट झालं, हात फिरवला तर काही लागेना. तरी डोळ्याला एक फिकी रेघ दिसतच राहिली. घडीच्या कडेवर कापड वर्षभर घासलं गेलेलं असतं, तिथला रंगच उडालेला असतो. ती चुणी नव्हे, ती झीज आहे. तिच्यावर इस्त्री दाबत बसलं तर कापड करपतं, दुसरं काही होत नाही. मी हट्टाने आणखी एकदा व्हिनेगर मारणार होते. आजींनी कात्री घेतली आणि रेघेवरूनच कापड उभं कापलं. दोन पट्टे झाले. मध्ये त्यांनी जुन्या हिरव्या लुगड्याचा पट्टा जोडला. त्या सात गोधड्या तशाच झाल्या, मधून हिरव्या. दुकानाने त्या घेतल्या, पण ठरल्यापेक्षा कमी भावाने. तो फरक कुणाच्या खिशातून गेला हे इथे सांगायची गरज नाही. आठ बायांच्या मजुरीतून तो जाणं योग्य नव्हतं.

एक बारीक भेद सांगायला हवा, नाहीतर तुम्ही घरी जाऊन आजीच्या गोधडीवर इस्त्री फिरवाल. गोधडी धुतली की टाक्यांच्या मध्ये जे बारीक फुगवटे आणि सुरकुत्या येतात, त्या दोष नव्हेत. दोऱ्याने बांधलेलं कापड आटतं आणि टाक्यांच्या मध्ये फुलतं, म्हणून तर गोधडी ऊबदार लागते. ती सुरकुती ठेवायची. आत दुमडून शिवली गेलेली घडी मात्र वेगळी. ती धुतल्याने जात नाही, दाबल्याने जात नाही. उसवावीच लागते.

आटण्याचा विषय निघाला म्हणून कोऱ्या कापडाबद्दल सांगते. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटतं. जुनी साडी शंभरदा धुतलेली, ती आता आटत नाही. दोन्ही न धुता एकत्र शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर नवं कापड आखडतं, जुनं तसंच राहतं, आणि सगळीकडे अशा चुण्या येतात की त्यांना इलाजच नाही. कधी जुनं कापड टाक्यापाशी फाटतंही. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ कुणी लावत नाही असं प्रभू येशूने म्हटलं, मार्काच्या दुसऱ्या अध्यायात आहे. त्यावर आपण कितीतरी उपदेश ऐकले असतील. मी ते वचन आमच्या केंद्रात वाचलं तेव्हा बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. एक म्हणाली, "हे काय, एवढं तर सगळ्यांनाच ठाऊक असतं." गालीलातल्या बायांनाही ठाऊकच असणार, म्हणून तर तो दाखला दिला. मीच एक होते जिने कोरा तागा न भिजवता आणला होता. आता नियम आहे, नवं कापड आलं की आधी साध्या पाण्यात रात्रभर भिजवायचं, झटकून उलगडून वाळत घालायचं, मग कात्री.

आता थोडं तुमच्याविषयी. रागावू नका.

नाताळ झाला की तुम्ही प्रेमाने जुन्या साड्यांची गाठोडी पाठवता. त्या साड्यांशिवाय आमचं काम एक महिनाही चालणार नाही. पण गाठोडी कशी येतात ते मी पाहते. साडी धुतली, अर्धवट वाळली, संध्याकाळ झाली, उद्या गाडी जाणार म्हणून तशीच दामटून चादरीत घट्ट बांधली. आमच्यापर्यंत पोहोचायला कधी महिना लागतो. गाठोडं सोडतो तेव्हा प्रत्येक साडी आमच्या त्या ताग्यासारखी झालेली असते. एका गोधडीच्या साड्या भिजवून, ओढून, दाबून सरळ करायला दोघींचा जवळजवळ एक दिवस जातो. त्या दिवसाची मजुरी गोधडीच्या किमतीत कुठेच धरलेली नसते, कारण गिऱ्हाइकाला तो दिवस दिसत नाही. आजींचे तीन दिवस मी वाया घालवले म्हणून मला इतकं वाईट वाटलं. आपण सगळे मिळून वर्षाला त्यांचे किती दिवस घेतो, हे मी मोजलेलं नाही, पण तीनपेक्षा पुष्कळ जास्त आहेत.

तेव्हा माझी विनंती एवढीच. साडी धुतल्यावर पूर्ण वाळू द्या, हात लावून गार लागणार नाही इतकी. फॉल आणि टाचण्या काढा. सुती वेगळी, सिंथेटिक वेगळी. घडी घालू नका. दोन-तीन साड्या एकावर एक पसरून चटईसारखी गुंडाळी करा आणि सैल नाडीने बांधा. गुंडाळी गाठोड्यापेक्षा जागा जास्त घेते, ड्रायव्हरभाऊ कुरकुर करतील, त्यांच्याशी मी बोलून ठेवलं आहे.

येत्या शनिवारी दुपारी दोन वाजता मंडळीच्या हॉलमध्ये या गाडीच्या साड्या सरळ करायला बसणार आहोत. इस्त्र्या तीन आहेत, टेबलं चार. ज्यांना जमेल त्यांनी येताना एक जुना पंचा आणावा, रंग जाणारा नको. आजी येणार आहेत. त्यांना मोठ्या आवाजात बोललेलं आवडत नाही, आणि कापड तिरकं ओढलं तर त्या हातावर चापटी मारतात, हे आधीच सांगून ठेवते.